घरातील पक्षी आणि पाच अतिचार

श्रावकाच्या घरात पिंजरा असावा का, हा प्रश्न गेल्या चार वर्षांत मला अनेकांनी विचारला आहे. शेजारचे कुटुंब बदलीमुळे परगावी गेले आणि त्यांची पक्ष्यांची जोडी आमच्याकडे राहिली, तेव्हापासून मंदिरातून परतताना कोणी ना कोणी हा विषय काढतोच. प्रश्न रास्त आहे. माझ्या मते पक्षी विकत घेऊच नये. बाजारातील प्रत्येक खरेदी ही पुढच्या पैदाशीची मागणी असते, हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. पोपट, मुनिया यांसारखे आपल्या रानातील पक्षी पाळणे तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हाच आहे. परंतु पिंजऱ्यातच जन्मलेला एखादा जीव घरी आला, तर त्याच्याविषयी आपले कर्तव्य काय, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर मला तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सापडले. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तेथे सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रवचनांत आपण ते बहुधा बैल, घोडे यांच्या संदर्भात ऐकतो. पण मूठभर पक्ष्याची निगा कशी राखावी, हेही त्यांतूनच उमगते.

पहिला बंध. आपल्याकडे दुकानांत ‘लव्हबर्ड’ म्हणून विकले जाणारे पक्षी बहुतेक वेळा बजरीगर असतात. ते मूळचे ऑस्ट्रेलियातील, मोकळ्या माळावर थव्याने उडणारे. त्यांना उंच, गोल पिंजऱ्याचा उपयोग नाही. आडवे उडता येईल असा लांबट पिंजरा हवा. दररोज तासभर तरी त्यांना खोलीत मोकळे सोडावे. त्या वेळी पंखा बंद, खिडक्या लावलेल्या आणि आरशावर कापड असावे. बसण्यासाठी एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्या दिल्या, तर तळपायांना जखमा होतात. पेरूच्या किंवा कडुनिंबाच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या उत्तम.

दुसरा वध. हात न उगारताही तो घडू शकतो. पक्ष्याची श्वसनसंस्था अत्यंत नाजूक असते. अगरबत्ती व धूप यांचा धूर त्याला बाधतो. नॉनस्टिक भांडे रिकामे तापले, तर त्यातून निघणाऱ्या विषारी वायूने तो काही मिनिटांत दगावू शकतो. म्हणून पिंजरा देव्हाऱ्यापासून आणि स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा.

तिसरा छेद. पक्षी उडून जाऊ नये म्हणून त्याच्या पंखांची पिसे छाटण्याची पद्धत आहे. पूर्ण वाढलेले पीस कापताना वेदना होत नाही, नवे पीस पुढे येते, हे खरे; परंतु घाबरून उडू पाहणारा पक्षी मग छातीवर आदळतो. आमच्या घरी पंखांना कात्री लावायची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. नखे खरखरीत फांदीवर बरीचशी आपोआप झिजतात. वाढलीच, तर केवळ टोक काढावे, कारण आत रक्तवाहिनी असते. रक्त आलेच, तर कॉर्नफ्लोर दाबून धरावे. पिसे झडण्याच्या काळात येणाऱ्या नव्या कोवळ्या पिसांतही रक्त असते. त्यांना हात लावू नये. स्नानासाठी सकाळी उथळ ताटलीत स्वच्छ पाणी ठेवले की पुरते; साबण कधीही वापरू नये.

चौथा अतिभार. पक्ष्यावर कसला भार, असे वाटेल. पिंजऱ्यात मडके टांगले की मादी अंडी घालू लागते, आणि ते तसेच राहिले तर एकामागून एक वेत होत राहतात. तिच्या शरीरातील कॅल्शियम घटते, अंडे अडकून ती मरूही शकते. आम्ही आलेल्या पिंजऱ्यातील रिकामे मडके काढून टाकले.

पाचवा अन्नपाननिरोध. हा सर्वांत फसवा. बजरीगर दाणा सोलून खातो आणि टरफल वाटीतच टाकतो. वाटी भरलेली दिसते, प्रत्यक्षात तिच्यात नुसता कोंडा असतो. शिल्लक ताळेबंदात दिसते म्हणून तिजोरीत असतेच असे नाही. बँकेत असताना रोकड आम्ही मोजूनच घेत असू. त्याच न्यायाने दररोज कोंडा फुंकून पाहावा. राळे, बाजरी यांबरोबर मेथी, कोथिंबीर अशी स्वच्छ धुतलेली पाने द्यावीत, पाणी दिवसातून दोनदा बदलावे. चहा, कॉफी, चॉकलेट, अॅव्होकाडो वर्ज्य. कांदा-लसूणही पक्ष्यांना अपायकारक, तो बहुतेक आपल्या घरांत नसतोच. कॅल्शियमसाठी दुकानदार समुद्रफेस देतात. तो माकूळ नावाच्या सागरी जीवाच्या शरीरातील कवच असतो. त्याऐवजी खनिजांची वडी मिळते. अंधार पडल्यावर हा पक्षी दाण्याला चोच लावत नाही. दहा-बारा तास शांत झोप त्याला लागते. आपल्या टीव्हीसाठी त्याला जागे ठेवू नये. आजार तो लपवतो, म्हणून पिसे फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला की त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

गेल्या पर्युषणात नातीने विचारले, “आजोबा, यांना सोडून दिले तर अभयदान होईल ना?” मी म्हणालो, “बाळ, यांना रानात दाणा कसा शोधायचा ते ठाऊक नाही. कावळा, मांजर यांची ओळख नाही. दार उघडून आपण मोकळे होऊ, ते होणार नाहीत.” दिल्लीत चांदनी चौकातील लाल मंदिराच्या आवारात १९२९ साली सुरू झालेले पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तेथे बरे झालेले पक्षी आकाशात सोडले जातात. पण आकाश ज्यांचे घर आहे त्यांना सोडणे वेगळे. पर्वकाळात सोडण्यासाठी बाजारातून पक्षी विकत घेतले, तर पारधी आणखी जाळी लावतो. ती रक्कम पांजरपोळाला द्यावी.

नीट सांभाळल्यास हा पक्षी आठ-दहा वर्षे जगतो. तेवढी मुदत तो आपल्याकडे ठेव म्हणून आहे, असे मी समजतो. यात्रेला निघताना मी शेजाऱ्यांना दाण्याचे माप, पाण्याच्या वेळा आणि पशुवैद्यकांचा क्रमांक कागदावर लिहून देतो. तुमच्याही घरी असा जीव असेल, तर आज संध्याकाळपूर्वी त्याच्या वाटीतील कोंडा एकदा फुंकून पाहा.

जय जिनेंद्र.