हिशोबाबाहेरचा पाऊस

आमच्या घराच्या ओसरीत एका कोनाड्यात जुना टेपरेकॉर्डर आहे. त्याच्या शेजारी एक कॅसेट असते. डबीला तडा गेला आहे, आतला कागद पिवळा पडला आहे. पण नाव अजून वाचता येते : 'गारवा'.

१९९८ साली ही कॅसेट निघाली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. काका त्या वेळी परभणीला खोली करून शिकत होते. घरून आलेल्या खर्चाच्या पैशांतून त्यांनी ती विकत घेतली आणि पुढचे काही दिवस चहा बंद केला, असे ते सांगतात. संगीत आणि आवाज मिलिंद इंगळे यांचा, शब्द कवी सौमित्र यांचे. रेडिओवर एकेक सुटे भावगीत ऐकण्याची सवय असलेल्या काकांना ही तऱ्हा नवीन होती. गाणे सुरू होण्याआधी कवी स्वतःच्याच आवाजात आपल्याशी बोलतो, मग हळूच सूर येतात, आणि कोणाची तरी आठवण पावसासारखी दाटून येते.

शिक्षण अर्धवट सोडून काका ताडकळसला परतले, शेती करू लागले. कॅसेटही त्यांच्याबरोबर आली. मृगाचा पहिला पाऊस पडला की ती लावायची, हा त्यांचा नेम. आजी म्हणायची, "लागलं का रं तुझं पावसाचं पुराण!" पण कान देऊन ऐकायची तीही.

मला स्पष्ट आठवते ते २०१५ साल. मी तेव्हा पाचवीत होतो. जूनमध्ये पाऊस झाला, पेरण्या उरकल्या आणि मग आभाळ कोरडे पडले. उगवलेले सोयाबीन डोळ्यांदेखत माना टाकू लागले. दुबार पेरणीसाठी बियाणे आणायचे कशाने, यावर रात्री ओसरीत हलक्या आवाजात बोलणी चालत. एके दिवशी मी लाडात येऊन म्हणालो, "काका, 'गारवा' लावा ना." काकांनी माझ्याकडे पाहिले आणि न बोलता टेपरेकॉर्डरवर फडके टाकले. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. ते फडके मात्र पुढचा पावसाळा येईपर्यंत तसेच होते.

नंतर २०२१ चा सप्टेंबर आला. 'गुलाब' चक्रीवादळाच्या पावसाने मराठवाड्यात शेतेच्या शेते पाण्याखाली गेली. काढणीला आलेले आमचे सोयाबीन शेंगेतच कोंबारले. म्हणजे पाऊस आला नाही तरी घात, आला तरी घात. आमच्या घरात पावसाची भाषा एकच : किती मिलिमीटर झाला, विम्याचा अर्ज भरला का, पंचनाम्याला कोण येणार.

अशा घरात वाढल्यावर महाविद्यालयात आलो तेव्हा माझे मत पक्के झाले होते. 'गारवा'तला पाऊस आपला नव्हे. तो शहरातल्या खिडकीतला पाऊस आहे. ज्याच्या ताटातली भाकरी आभाळावर अवलंबून नाही, त्यानेच पावसात उदास व्हावे! वर्गातल्या एका चर्चेत मी हे मत तावातावाने मांडले. टाळ्याही मिळाल्या.

या मताला पहिला धक्का बसला तो एका चित्रपटाने. नागराज मंजुळे यांचा २०१३ सालचा 'फँड्री' मी उशिरा पाहिला. त्यातला गावाचे ओझे वाहणारा, खाली मान घालून जगणारा बाप, कचरू, माझ्या डोळ्यांपुढून हलेना. तो साकारणारे किशोर कदम म्हणजेच कवी सौमित्र, हे मला त्यानंतर कळले. खिडकीतला पाऊस लिहिणारा आणि कचरूचे मौन जाणणारा माणूस एकच! मग मी ओढलेली रेघ बरोबर होती का?

दुसरा धक्का अगदी अनपेक्षित दिशेने आला. एका मित्राने त्याच्या मोबाइलवर स्वीडनच्या लिक्के ली या गायिकेचा 'आय नेव्हर लर्न' हा २०१४ सालचा अल्बम ऐकवला. अवघी नऊ गाणी, अर्ध्या तासाच्या थोडी वर. प्रेम तुटल्यावर तिने ती लिहिली आणि गायिली. शब्द मला निम्मे समजले, निम्मे निसटले. बाहेर मे महिन्याचे ऊन, अंगाला घामाच्या धारा. आणि त्या थंड मुलखातल्या मुलीचा एकटा आवाज ऐकताना मला आठवली ती दोन वर्षांपूर्वी गेलेली माझी आजी. स्वीडनची बाई माझी होऊ शकते, तर काकांच्या 'गारवा'ला मी परका कसा ठरवला?

त्या रात्री मी काकांना विचारले, "तुम्ही एवढे काय ऐकता त्यात?"

काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पावसाचा हिशोब तर रोजचाच हाय. ती कॅसेट लावली की तेवढा वेळ पाऊस माझं काही देणं लागत नाही, आन् मी त्याचं."

"मग त्या दुष्काळात बंद का केली होती?"

"लाज वाटली रं. रान जळायलंय आन् आपण सुखानं उदास व्हायचं?"

त्यांचे हे उत्तर मला अजून सोडत नाही. मित्रहो, आपल्या भागात दुःखालाही पुरावा लागतो. पीक बुडाले तर त्याचा पंचनामा होतो. मन उगाच भरून आले तर त्याला कोणता रकाना? आणि ही लाज शिकवणाऱ्यांत मीही होतोच की! शेतकऱ्याने पाऊस फक्त पिकासाठी पाहावा, असे वर्गात ठणकावून सांगताना मी काकांची एवढीशी मोकळी जागाही काढून घेत होतो. त्यावर मिळालेल्या टाळ्या आज मला टोचतात.

यंदा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी मीच कॅसेट काढली. फीत सैल झाली होती. पेन्सिल घालून ती गुंडाळली आणि टेप लावला. काका भिंतीला टेकून बसले. थोड्या वेळाने वडील शेतातून आले. पायरीवर बसून चिखलाचे पाय धूत त्यांनी विचारले, "किती झाला म्हणत्यात पाऊस?"

कोणीच उत्तर दिले नाही. वडिलांनीही पुन्हा विचारले नाही. एक बाजू संपेपर्यंत ते तसेच पायरीवर बसून राहिले.