आमचीं बारीक मनगटें

शाळेंत असतांना कवायतीच्या रांगेंत आम्ही अगदीं शेवटीं उभे असूं. उंची बेताची, आणि मनगटें तर काड्यांसारखीं. त्याचें आम्हांस पुढें कधीं वैषम्य वाटलें नाहीं. परंतु २०१९ सालीं आइसलंड बेटावर या मनगटांनीं आमची जी परीक्षा पाहिली, ती हकीकत वाचकांस सादर करतों.

तेथील थिंगवेट्लिर राष्ट्रीय उद्यानांत सिल्फ्रा नांवाची एक भेग आहे. उत्तर अमेरिका व युरेशिया यांचे भूपट्ट जेथें एकमेकांपासून दूर सरत आहेत, तेथेंच ती पडली आहे. लांगयोकुल हिमनदीचें वितळलेलें पाणी लाव्ह्याच्या खडकांतून वर्षानुवर्षें झिरपत तिच्यांत येतें. म्हणून तें स्फटिकासारखें निर्मळ आणि बाराही महिने २ ते ४ अंश सेल्सिअस इतकें थंड असतें. अशा पाण्यांत उतरणारा पाणबुड्या ड्रायसूट घालतो. त्याच्या आंतील लोकरीचे कपडे व हवा कोरडी राहिली, तरच अंगांत ऊब टिकते. पाणी अडविण्याचें काम गळ्याशीं व मनगटांशीं असलेल्या घट्ट रबरी पट्ट्यांचें. त्यांस सील म्हणतात.

आम्हांस भाड्यानें मिळालेल्या पोशाखावर ‘लहान’ अशी चिठ्ठी होती. ती वाचून आम्ही निश्चिंत झालों. मनगटाशीं सील किंचित् सैल वाटलें खरें. पण मागें मंडळी खोळंबली होती, आणि तक्रार करणें आम्हांस अशिष्ट वाटलें. पाण्यांत मूठ आवळतांच मनगटाच्या शिरा ताठ झाल्या, त्यांच्यामध्यें पन्हळ पडली, आणि त्या वाटेनें गार पाणी कोंपरापर्यंत चढलें. पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें उष्णता ओढून नेतें. थोड्याच वेळांत पोशाखांत हवा सोडण्याचें बटण बोटांस लागेना. आम्ही घाबरलों, सोबत्यास अंगठा वर करून खूण केली, आणि कुडकुडत बाहेर आलों.

पुढें स्वतःचा पोशाख घेतांना आम्हीं प्रथम शिंप्याची फीत घेऊन गळा व मनगटें मोजलीं. लॅटेक्सचें सील शंकूच्या आकाराचें असतें, व मोठ्या माणसासाठीं त्याचें टोंक कापावें लागतें. आमच्यासारख्यानें तें आधीं न कापतां घालून पाहावें. कापणें भागच पडलें, तर एका वेळीं एकच वळें कापावें, कारण अधिक कापलेलें रबर परत जोडतां येत नाहीं. निओप्रीनचें सील वापरानें सैलावतें, म्हणून तें आरंभीं घट्टच घ्यावें. लांब सील बाहीकडे थोडें वर सरकवून बसविल्यास शिरांची पन्हळ टळते. गळ्याशीं मात्र फाजील घट्टपणा घातक. मानेंतील रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन घेरी येते.

बालमित्रहो, ‘लहान’ ही चिठ्ठी लिहिणाऱ्यानें आपलें मनगट पाहिलेलें नसतें. जें मापांत बसत नाहीं, तें रांग खोळंबली तरी वेळींच सांगावें. त्यांत उद्धटपणा मुळींच नाहीं. हें आम्हांस उशिरां समजलें. २०२२ सालीं आम्ही पुन्हां त्याच भेगेंत उतरलों. अर्ध्या तासानें वर येऊन बाह्या चांचपून पाहिल्या, तों दोन्ही कोरड्या ठणठणीत होत्या.