तांदळाचा रंग

भद्रावतीच्या बाजारात तांदूळ घ्यावयास गेलेला मनुष्य मूठभर दाणे तळहातावर घेतो, त्यांवर हलकीशी फुंकर घालतो आणि उजेडाकडे वळून त्यांचा पांढरेपणा न्याहाळतो. वधूपरीक्षेत गोरेपणावर भाळणाऱ्यांना आपण हसतो. पण तांदळाच्या बाबतीत आपण सारेच वरपक्षाकडचे असतो!

लहानपणी आमच्या घरी आई उखळात धान सडीत असे. त्या तांदळाचा भात किंचित तांबूस दिसे आणि पाहुण्यांसमोर मला त्याची लाज वाटे. पुढे मला नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून मी गिरणीतला शुभ्र तांदूळ मोठ्या ऐटीत घरी आणला. मुसळ कोपऱ्यात गेले. आईने तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, “बाबू, भात पांढरा झाला, पण पेज काही पयल्यासारखी गोड लागत नाही.” मी ते म्हातारपणीच्या जिभेवर ढकलून मोकळा झालो.

आमच्याच जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातील नांदेड गावी, तांदळाकडे निराळ्या दृष्टीने पाहणारा एक मनुष्य होऊन गेला. दादाजी खोब्रागडे यांचे शिक्षण तिसरीपर्यंतचे आणि शेती बेताचीच. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ या वाणाच्या धानात त्यांना काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्यांचे बी त्यांनी वेगळे राखले, वर्षानुवर्षे निवडून पेरले. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार असा वाण सिद्ध झाला. एका व्यापाऱ्याने त्याला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचे नाव दिले आणि ‘एचएमटी’ तांदूळ घरोघरी पोचला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. पण ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले ते विपन्नावस्थेतच. त्यांनी वर्षानुवर्षे पारखलेल्या दाण्याची परीक्षा आम्ही मात्र क्षणभरात, केवळ रंगावरून करतो.

चव तर केवळ दाण्यात नसते, जेवणाच्या रीतीतही असते. जपानी माणसाला आखूड, गोलसर आणि शिजल्यावर चिकटणारा तांदूळ प्रिय. काड्यांनी जेवणाऱ्याला तोच सोयीचा. आपल्याला वरण कालवावयाचे, म्हणून दाणा मोकळा हवा. पण शुभ्र भाताचा मोह दोघांचाही एकच, आणि त्याची जबर किंमत जपानने मोजली आहे. १८८० च्या दशकाच्या आरंभी ‘र्‍यूजो’ या त्यांच्या युद्धनौकेच्या दीर्घ सफरीत ३७६ खलाशांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाली व पंचवीस जण दगावले. ताकाकी कानेहिरो या नौदलाच्या वैद्याने आहार बदलला, तेव्हा रोग हटला. त्यांचा तर्क निराळा होता; खरे कारण पुढे उमगले. तांदळाचा कोंडा आणि अंकुर काढून टाकला, की ‘ब’ जीवनसत्त्वही त्याबरोबर जाते. गिरणीत तो कोंडा आपण गुरांसाठी ठेवतो. म्हणजे पोषण गाईला आणि रंग आम्हाला!

हे वाचल्यावर मी आमच्या गिरणीवाल्याला ‘एचएमटी’ला एकच हलका हात द्यावयास सांगितले. तो चकित झाला. दर्जेदार माल कोणी मळका मागतो काय? असा तांदूळ फार दिवस टिकत नाही, कोंड्यातील तेल खवट होते. म्हणून थोडा थोडा आणावा लागतो. शिजविण्यापूर्वी अर्धा तास भिजवावाही लागतो. एवढी तसदी सोसली, की दाण्याचा खरा स्वाद कळतो.

परवा घरी पाहुणे आले होते. तोच तांबूस भात पानात वाढताना पुन्हा मला क्षणभर लाज वाटली. पण पाहुण्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला. “कोणता हो तांदूळ हा?” त्यांनी विचारले. नाव सांगणे सोपे होते. तरी माझ्या ओठांवर आले ते आईचे ते एकच वाक्य, ज्याला मी इतकी वर्षे उत्तर दिले नव्हते.