ते घरीच असतात

आमच्या दारामागे एक खिळा आहे. एके काळी त्यावर सहा घरांच्या किल्ल्या लटकायच्या. कुणाचा सिलिंडर येणार असला, कुरिअर यायचं असलं, पोरगं शाळेतून लवकर सुटणार असलं, की किल्ली आमच्याकडे. ‘ते घरीच असतात ना!’ जिन्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातल्या ‘ना’वर किती जोर पडतो, त्यावरून बोलणारी कोणत्या मजल्यावरची ते ओळखता यायचं. त्यात कुत्सितपणा कुणाचाच नव्हता. म्हणूनच ते जास्त लागायचं.

अंबडच्या एका कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. 2017 साली कारखान्याला टाळं लागलं. वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. पण वडिलांना अर्धांगवायू झाला, आणि त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, भरवणं यात साडेतीन वर्षं गेली. लॉकडाऊन त्यातच आला आणि गेला. वडील गेल्यावर अर्ज घेऊन पुन्हा बसलो, तर मधली जागा कशानं भरायची ते कळेना. मुलाखत घेणारा पोरगा कागदावर पेन टेकवून विचारायचा, “2017 ते 2022?” मी म्हणायचो, “वडील आजारी होते.” तो समजूतदारपणे मान हलवायचा. तिथंच मुलाखत संपायची. घर चाललं होतं बायकोच्या पोळीभाजीच्या डब्यांवर. डबे पोचवायचं काम माझं, एवढाच माझा वाटा.

ट्रकचं खूळ मेहुण्यानं डोक्यात घातलं. “दाजी, गाडीवर माणसं मिळत नाहीत हो,” तो म्हणाला आणि लगेच चहाच्या कपात बघू लागला. चाळिशी उलटलेल्या बी. कॉम. दाजीला हे सांगणं त्यालाही जड गेलं असणार. जड गाडी शिकायची तर हलक्या वाहनाचा परवाना निदान वर्षभर जुना लागतो. माझा चौदा वर्षांचा होता. मग शिकाऊ परवाना, ‘नमुना 1-अ’वर डॉक्टरची सही, ड्रायव्हिंग स्कूलमधला महिना, आरटीओची चाचणी. 2019 पर्यंत या परवान्याला आठवी पासची अट होती. ती सरकारनं काढून टाकली, आणि त्यानंतर मी पदवीची गुणपत्रिका बरोबर घेऊन रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या माणसानं ती न बघताच परत सरकवली.

आडगाव नाक्याच्या बाजूला ट्रान्सपोर्टवाल्यांचे गाळे आहेत. तिथं आठवडाभर फिरलो. प्रश्न सगळीकडे एकच, “लाइनवर किती वर्षं?” लाइन म्हणजे लांबचा पल्ला. मी नवीन आहे म्हटलं की, “मग शिकून या.” कुठं शिकायचं? लाइनवर! एका गाळ्यातल्या शेठनं मात्र माझी फाइल उघडलीच नाही. आधी माझ्या तळहातांकडे बघितलं.

“पिता का?”

“नाही.”

“रात्रीचं नीट दिसतं?”

“दिसतं.”

“ताडपत्री बांधता येते?”

“नाही येत.”

“येईल. दोन महिने किन्नर म्हणून चला. पगार निम्मा, भत्ता वेगळा. मग बघू.”

2017 ते 2022 बद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. सुटल्यासारखं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, थोडा रागही आला. ज्या प्रश्नाच्या उत्तराची इतकी जुळवाजुळव करून ठेवली होती, तो कुणी विचारूच नये?

किन्नर म्हणजे क्लीनर. लाइनवर तो शब्द असाच घडलाय. माझा उस्ताद पाथर्डीकडचा, अठ्ठावीस वर्षांचा. मला ‘काका’ म्हणायचा, अहो-जाहो करायचा, आणि त्याच तोंडानं गाडीखाली घालायचा. “काका, तेवढे टायर वाजवून घ्या.” टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, एकेक टायर ठोकायचा. हवा भरलेला टायर टणटणीत वाजतो, बसलेला भद्द. मागच्या जोडचाकांतला आतला टायर बसला तर शेजारचा त्याचं वजन पेलत राहतो आणि वरवर बघून काही कळत नाही. कानच लावावा लागतो. गाडी जुनी, 1613. तो आकडा मला पहिल्याच दिवशी आवडला. टाटांच्या त्या गाड्यांचे आकडे बोलतात: सुरुवातीचे एकूण वजनाचे टन, शेवटचे दोन दहापट केले की अश्वशक्ती. 16 टन, 130 घोडे. 407 असेल तर 4 टन, 70 घोडे. उभी उमर मालाच्या कार्डांवर आकडे लिहिणाऱ्याला एवढा आधार पुरला.

माल बहुतेक कांदा. पिंपळगाव बसवंतला भरायचा, वाशीच्या मार्केटला उतरवायचा. जाळीच्या गोण्या, ताडपत्री बांधायची तीही कांद्याला वारा लागेल अशी. पहिल्या खेपेला मी बांधलेली रस्सी उस्तादानं बोटानं दाबून पाहिली आणि काही न बोलता सगळी सोडली.

तिसऱ्या खेपेला इगतपुरी मागं पडल्यावर त्यानं नेहमीसारखी घाटनदेवीपाशी गाडी बाजूला घेतली. चपला काढून हात जोडले. परत आला तो माझ्या बाजूच्या दाराशी.

“सरका काका. आज तुम्ही उतरवा.”

कसारा घाट मोटारीतून शेकडो वेळा पाहिलेला. दहा टन कांदा पाठीशी घेऊन बघितला तेव्हा तो वेगळाच निघाला. ज्या गिअरात गाडी हा घाट चढेल त्याच गिअरात उतरवायची, हा ड्रायव्हर लोकांचा जुना हिशेब. ब्रेक सारखा दाबत राहिलं की ड्रम तापतात, लायनर जळल्याचा वास सुटतो, हवेचा काटा खाली सरकायला लागतो. हे सगळं मला तोंडपाठ होतं, पायाला नव्हतं. वळण दिसलं की तो आपोआप ब्रेकवर जायचा. उस्ताद म्हणायचा, “काका, पाय.” एवढंच. मागून मोटारवाले हॉर्न बडवत होते. ट्रकच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्रात 2015 साली बंदी आली, पण लोक न लिहिताही ती सूचना इमानानं पाळतात.

तिसऱ्या की चौथ्या वळणावर ते वजन मला ओळखीचं वाटलं. वडिलांना पलंगावरून खुर्चीत उतरवताना असंच करावं लागे. वजन खाली जाऊ द्यायचं, पण हातातून सुटू द्यायचं नाही. घाई केली तर ते आपल्यालाच घेऊन जाणार. माझा पाय ब्रेकवरून उतरला. उस्तादानं खिशातून तंबाखूची पुडी काढली, म्हणजे आता तो माझ्याकडे बघत नव्हता.

वाशीला पोचलो तेव्हा पहाटेचे चार वाजले होते. पुढं गाड्यांची रांग. उस्ताद मागच्या फळीवर आडवा झाला आणि घोरायला लागला. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो. गाडीवरचं निम्मं काम म्हणजे थांबणं, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. तेवढं मला येत होतं.

साडेनऊला फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी.

“भाऊजी, सिलिंडर येतोय आज. घरी आहात ना?”

“नाही हो वहिनी. वाशीत आहे.”

“वाशीत? तिथं काय?”

“गाडीवर आहे.”

पलीकडे जरा वेळ कुकरच्या शिट्टीचाच आवाज आला.

“मग किल्ली कुणाकडे ठेवू?”

याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. पुढची गाडी थोडी सरकली, मी फोन डॅशबोर्डवर टाकून पहिला गिअर घातला. आमचा नंबर सव्वाअकराला लागला.