आठनंतरचं उज्जैन

मुलाने हौसेने घेतलेली सॅक दोन वर्षं माळ्यावर पडून होती. २०२३ च्या कार्तिकात ती मी खाली काढली, झटकली आणि म्हटलं, "मी उज्जैनला जाऊन येते. एकटी." आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं. ह्यांचे गुडघे, मुलाची रजा आणि सुनेची परीक्षा यांचा मेळ बसण्याची वाट पाहण्यात चार कार्तिक गेले होते. शेवटी परवानगी मिळाली ती अटीवर. "आई, रात्री आठनंतर खोलीबाहेर पडायचं नाही." मी हो म्हटलं. लग्नाला ३४ वर्षं झाली, हो म्हणायची सवय आहे.

रावेरहून बऱ्हाणपूर, खंडवा, इंदूर आणि पुढे ५५ किलोमीटर उज्जैन. अंग नुसतं खिळखिळं झालं. लॉजवरच्या माणसाने रजिस्टर पुढे केलं आणि माझ्या मागे कोणी येतंय का ते पाहिलं. "माताजी, साथ में कौन?" मी सॅककडे बोट दाखवलं.

सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलबी खाऊन महाकालाच्या रांगेत उभी राहिले. २०२२ साली महाकाल लोक झाल्यापासून गर्दीला पार नाही. धक्के खात दर्शन झालं, अर्ध्या मिनिटाचं. पण एक सांगते, हे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं ते राणोजी शिंद्यांच्या दिवाणाने, रामचंद्रबाबा सुखटणकरांनी. पलीकडे हरसिद्धीच्या अंगणात दोन उंच दीपमाळा दिसल्या आणि एकदम आपल्याकडच्या देवळात आल्यासारखं वाटलं.

दुपारी वेधशाळेत गेले. तिथे गर्दी नव्हती म्हणून खूप वेळ बसले. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात बांधलेली ही यंत्रं १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करून घेतली. सम्राट यंत्राच्या भिंतीची सावली इतकी हळू सरकते की नजर हलवली की चुकते. तिथली वेळ माझ्या घड्याळाशी जुळेना. कारण सरळ आहे. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि उज्जैनचा सूर्य त्याच्या सरासरी २७ मिनिटं मागे असतो. एकेकाळी आपल्या पंचांगकर्त्यांची मुख्य रेषा याच गावातून जात होती. म्हणजे इथे घड्याळाने सूर्याचं ऐकावं, मुलाने आईचं. हा विचार मनात आला आणि मी एकटीच हसले.

संध्याकाळी रामघाटावर क्षिप्रेची आरती पाहिली. पावणेआठला खोलीवर परत. दिलेला शब्द पाळला.

खाली रस्त्यावर मात्र रात्र सुरू होत होती. दुकानांवर दिव्यांच्या माळा, खुर्च्या बाहेर, कढईत दूध उकळतंय. लॉजवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आज वैकुंठ चतुर्दशी, माताजी. सवारी निकलेगी. आज कौन सोता है!" चातुर्मासात विष्णू झोपलेले असतात, सृष्टीचा कारभार महादेवाकडे असतो. या मध्यरात्री महाकाल पालखीत बसून गोपाळ मंदिरात जातात आणि कारभार परत सोपवतात. हरीला बेल, हराला तुळस. मी साडेनऊपर्यंत खिडकीत उभी होते. देवांनीही कारभार कोणाकडे तरी सोपवून मोकळं व्हायचं, आणि मी आठ वाजता कडी लावून बसायचं? चपला घातल्या.

गुदरी चौकातून पटनी बाजारात शिरताना छाती धडधडत होती, खोटं कशाला बोलू. गोपाळ मंदिराजवळ एका दुकानाच्या पायऱ्यांवर खेड्यातल्या आठ-दहा बायका घोंगड्या पांघरून बसल्या होत्या. एकीने सरकून जागा केली. "आओ जीजी, बैठो." कुठून आलात, मुलं किती, हे सगळं झालं. एकटी का आलात, हे मात्र कोणी विचारलं नाही. त्यांना सांगितलं की हे मंदिर बांधणाऱ्या बायजाबाई शिंदे आमच्या मराठी. दौलतरावांच्या मागे त्यांनी ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. म्हातारी म्हणाली, "बाई थी?" आणि दुसरीला कोपराने ढोसून तेच पुन्हा सांगितलं.

बाराच्या सुमाराला ढोल, झांजा, फटाके आणि मध्ये पालखी. आत भेट कशी झाली ते मला दिसलं नाही, पुढे माणसांची भिंत होती. बाहेर मात्र लहान मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं गाव जागं होतं. दूध प्यायले, पुन्हा घोंगडीत शिरले. दोन वाजता त्या बायकांनीच लॉजच्या दारापर्यंत पोचवलं.

सकाळी मुलाचा फोन. "झोप लागली ना नीट?"

"लागली. अडीचनंतर."

बराच वेळ तिकडून आवाजच नाही. मग ह्यांनी फोन घेतला.

"थंडी होती का?"

"होती."

"शाल नेली होतीस?"

"नाही. एका बाईच्या घोंगडीत बसले."

"बरं केलंस," हे म्हणाले, "पुढच्या वेळी दोन शाली ठेव."