योग्य वेळेची वाट

समलिंगी विवाहाला उघड विरोध करणाऱ्या पुढाऱ्यांविषयी आमची तक्रार फारशी नाही. त्यांचे मत आम्हांस मान्य नाही. परंतु ते काय म्हणतात हे कळते, आणि मतदानाच्या वेळी ते तसेच वागतात. आमचा उद्वेग आहे तो आपल्याच बाजूच्या म्हणविणाऱ्या मंडळींविषयी. जून महिन्यात तेल अवीवच्या मिरवणुकीत ही मंडळी सप्तरंगी पताका घेऊन अग्रभागी असतात, समानतेवर सुश्राव्य भाषणे करतात. आणि कनेसेटपुढे विधेयक आले, की ‘आघाडीची शिस्त’, ‘योग्य वेळ’, ‘समाजमन अजून तयार नाही’ असे शब्द त्यांच्या मुखी येतात. आम्ही या देशात आल्यापासून उदारमतवादी पक्षांनाच मत देत आलो. त्या मतांचा हिशेब मागण्याचा अधिकार आम्हांस आहे, असे समजून हे चार शब्द लिहीत आहोत.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. विवाह आणि घटस्फोट धर्मपीठांच्या हाती सोपविण्याची पद्धत उस्मानी तुर्कांच्या अमदानीतील. ब्रिटिशांनी ती चालू ठेवली, आणि १९५३ च्या कायद्याने यहुदी नागरिकांचे विवाह रब्बाईंच्या न्यायालयांच्या कक्षेत आणले. भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली भिन्नधर्मीय वधूवरांना निबंधकाच्या कचेरीत जी सोय मिळते, ती येथे नाही. २०१० साली, दोघांचीही कोणत्याच धर्मात नोंद नसेल अशांपुरती एक अरुंद वाट काढण्यात आली, एवढेच. म्हणजे हा प्रश्न केवळ समलिंगी जोडप्यांचा नव्हे. ज्याची आई यहुदी नाही त्याचा, भिन्नधर्मीयाशी संसार मांडू पाहणाऱ्याचा, घटस्फोटितेशी विवाह करू इच्छिणाऱ्या कोहेनचाही तो आहे.

समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविणारे ब्रिटिश काळातील कलम १९८८ साली कनेसेटने रद्द केले; त्याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. त्यानंतर मात्र जे मिळाले ते बहुतांशी न्यायालयाच्या दारातून मिळाले. सायप्रसमध्ये झालेल्या विवाहाची नोंद गृहखात्याने घेतलीच पाहिजे, हे उच्च न्यायालयाने १९६३ सालीच ठरविले होते. तोच न्याय नोव्हेंबर २००६ मध्ये परदेशी झालेल्या समलिंगी विवाहांना लागू झाला. मार्च २०२३ मध्ये, अमेरिकेतील युटा राज्याच्या अधिकाऱ्यापुढे संगणकाच्या पडद्यावरून लागलेल्या विवाहांचीही नोंद घ्यावी, असा निर्णय झाला. परंतु नोंद निराळी आणि मान्यता निराळी. मान्यतेचा प्रश्न कायदेमंडळाने सोडवावा, असे न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये स्पष्ट सांगितले. न्यायालय कनेसेटकडे बोट दाखविते, आणि कनेसेट दिनदर्शिकेकडे पाहते.

कनेसेटने काय केले? मे २०१२ मध्ये नित्झान होरोविट्झ यांचे विवाहविषयक विधेयक ३९ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले. सभासद १२०, म्हणजे ७० जणांचे मत कोणत्याच बाजूस पडले नाही. आमचा रोख या सत्तरांकडे आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये कनेसेटने समलिंगी नागरिकांच्या हक्कांचा खास दिवस पाळला; पंतप्रधानांसह अनेकांनी सभागृहात आपुलकीचे शब्द उच्चारले. दुसऱ्याच दिवशी त्याच सभागृहात या नागरिकांसंबंधीची विधेयके आली, आणि एकामागून एक नामंजूर झाली. जुलै २०१८ मध्ये सरोगसीच्या कायद्यात पुरुषांचाही समावेश करण्यास पंतप्रधान नेतन्याहू यांनी पाठिंबा जाहीर केला, आणि काही दिवसांतच विरुद्ध मत दिले.

आमच्या पसंतीचे सरकार जून २०२१ मध्ये आले. खुद्द होरोविट्झ त्यात आरोग्यमंत्री होते, आणि समलिंगी पुरुषांच्या रक्तदानावरील निर्बंध त्यांनी उठविले. विवाहाचा प्रश्न मात्र आघाडीच्या ऐक्यासाठी बाजूस ठेवण्यात आला. आणि एवढे करूनही ते ऐक्य वर्षभरच टिकले. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये, उजव्या आघाडीच्या काळात, उघडपणे समलिंगी असलेले अमीर ओहाना कनेसेटचे अध्यक्ष झाले. मानाचे आसन मिळाले. कायदा मिळाला नाही.

हे सारे आम्ही वर्तमानपत्रात वाचून सोडून दिले असते. परंतु आमच्या नातवाचा विवाह त्या युटाच्या रीतीनेच लागला. आदल्या रात्री त्याच्या आजीने दोघांच्याही हातांना मेहंदी लावली. पोहे, नारळ, साखर आणि फळे घालून मलिदा केला, आणि एलियाहू हनाबीचे स्मरण करून तो सर्वांना वाटला. दुसऱ्या दिवशी येथे संध्याकाळ आणि तिकडे सकाळ असताना पडद्यावरच्या अधिकाऱ्याने इंग्रजीत प्रश्न विचारले, दोघांनी होकार दिला, आणि पाव तासात सर्व आटोपले. नंतर नातू आम्हांस म्हणाला, “आजोबा, तुमच्या केतुब्यावर आपल्या माणसांच्या सह्या आहेत. माझ्या कागदावर, ज्या गावी मी कधी गेलो नाही, त्या गावाचा शिक्का. मी जन्मलो इथे, सैन्यात राबलो इथे. मग इथल्या एकाही कचेरीला माझ्यासाठी सही का करता येऊ नये?” आम्हांस उत्तर सुचले नाही.

मागील निवडणुकीत मते मागावयास आलेल्या एका उमेदवारास आम्ही हाच प्रश्न केला. गृहस्थ अदबीने म्हणाले, “मनाने मी तुमच्याबरोबरच आहे.” आम्ही त्यांना एवढेच सांगितले, की मतपेटीत आम्ही मन टाकीत नाही, चिठ्ठी टाकतो.

आमच्या समाजातील काही वडीलधारी मंडळी विचारतील, की धर्मशास्त्रास अमान्य असलेल्या गोष्टीचा कैवार आपण बेने इस्राएलांनी का घ्यावा? त्यांना आम्ही १९६२ साल आठवावयास सांगतो. त्या वर्षी मुख्य रब्बाईपीठाने सूचना काढली, की बेने इस्राएल वधू वा वराचा इतर यहुद्यांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करावी. कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके शब्बाथ पाळणाऱ्या, शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लोकांना आपण कोण हे सिद्ध करावयास सांगितले गेले. तेव्हाही सहानुभूतीची वाण नव्हती, आणि ‘थोडे थांबा’ हाही सल्ला होताच. आपला समाज थांबला नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे यरुशलेमला ठाण मांडून बसली. तेव्हा लेवी एश्कोल यांच्या सरकारने प्रश्न कनेसेटपुढे नेला, आणि १७ ऑगस्ट १९६४ रोजी कनेसेटने ठराव केला, की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असून त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत. त्याच महिनाअखेर रब्बाईपीठाने सूचनेतील आपल्या समाजाचे नाव गाळले.

दोन्ही प्रश्न एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. आपण हुप्पाखाली उभे राहण्याचा अधिकार मागत होतो. ही मुले रब्बाईंकडे काहीच मागत नाहीत. ज्यास शास्त्रोक्त विवाह हवा त्याने तो तसाच करावा, आणि कोणाही रब्बाईस त्याच्या श्रद्धेविरुद्ध आशीर्वाद देण्याची सक्ती असू नये. मागणी एवढीच, की धर्मपीठाच्या दाराशेजारी राज्याचेही एक दार असावे. साम्य आहे ते एका गोष्टीत: कोणाचा संसार खरा हे दुसऱ्या कोणी ठरवावे आणि राज्याने मान खाली घालून उभे राहावे, हा अनुभव आपल्या घरचा आहे.

आमच्या मातृभूमीतही चित्र फारसे निराळे नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा जाच दूर केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये मात्र विवाहाचा विषय संसदेचा आहे, असे सांगितले. तेथेही न्यायालय संसदेकडे पाहते आणि संसद स्तब्ध आहे.

तेव्हा समाजबंधू-भगिनींनो, पुढील निवडणुकीत उमेदवार आपल्या सभागृहात येतील, चहा घेतील, आपल्या संस्कृतीची स्तुती करतील. त्यांना मन कोठे आहे हे विचारू नका. विधेयक आले त्या दिवशी आपण सभागृहात होता काय, आणि पुन्हा येईल त्या दिवशी हात वर करणार काय, एवढेच विचारा. उत्तरात ‘योग्य वेळ’ हे शब्द आले, तर त्यांना नम्रपणे सांगा, की आम्ही १९६४ साली वेळ विचारली नव्हती.