पाचवा उंदीर

मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन, झब्बू. आमच्या लहानपणीच्या या सगळ्या डावांत एक गोष्ट गृहीत होती. कॅट एकच, आणि तो सगळ्यांचा. पिसायचा, काटायचा, वाटायचा आणि हाती येईल त्यावर भागवायचं. प्रत्येकाने आपापला कॅट घरून जुळवून आणायचा, त्यात कोणती पानं घालायची ते ज्याचं त्याने ठरवायचं आणि समोरच्याने काय आणलंय ते डाव रंगेपर्यंत कळायचं नाही, असाही पत्त्यांचा खेळ असतो हे मला विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावी कळलं. एम.एस.साठी पुण्याहून तिथे पोचलो तो १९९४ चा ऑगस्ट होता.

खेळाचं नाव मॅजिक : द गॅदरिंग. तो जेमतेम वर्षाचा होता. रिचर्ड गार्फील्ड नावाच्या गणितज्ञाने तो रचला. पेनसिल्वेनिया विद्यापीठात कॉम्बिनेटोरिक्समध्ये पीएच.डी. करून हा गृहस्थ वॉशिंग्टन राज्यातल्या वाला वाला गावी, व्हिटमन कॉलेजात शिकवत होता. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या छोट्या कंपनीने १९९३ च्या ऑगस्टमध्ये खेळ बाजारात आणला, आणि त्याच महिन्यात मिलवॉकीच्या जेन कॉन मेळ्यात त्याच्यावर उड्या पडल्या. मिलवॉकी आमच्यापासून दीड तासाच्या वाटेवर. पहिली जागतिक स्पर्धाही तिथेच, मी आलो त्याच महिन्यात झाली होती. त्यामुळे गावातल्या मुलांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

मला त्यात ओढलं ते सोलापूरच्या एका सीनियरने. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात होता, लग्न झालेलं होतं, आणि आम्ही सगळे त्याला दादा म्हणायचो. शुक्रवारी रात्री त्याच्या घरी डायनिंग टेबलावर डाव मांडला जायचा. दादा, मी, टेक्ससचा एक उंचाडा आणि मिनेसोटाचा एक अबोल मुलगा. वहिनी कांदेपोह्यांच्या बशा मधोमध ठेवायच्या आणि म्हणायच्या, "राक्षस नंतर मारा, आधी खाऊन घ्या."

नियम थोडक्यात सांगतो. प्रत्येकाचे वीस प्राण. डेक निदान साठ पानांचा. रंग पाच : पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. जमिनीच्या पानांतून मॅना काढायचा आणि तो खर्चून प्राणी किंवा मंत्र उतरवायचे. जमीन सोडून कुठलंही पान डेकमध्ये चारपेक्षा जास्त घालायचं नाही. पंधरा पानांचं बूस्टर अडीच डॉलरच्या आसपास मिळायचं. डॉलर तेव्हा ३१ रुपयांचा. म्हणजे एका पुडीला पाऊणशे रुपये पडले, हा हिशेब मनात झाल्याशिवाय माझ्याच्याने वेष्टण फाडवत नसे.

अशाच एका पुडीतून तो निघाला. प्लेग रॅट्स. काळ्या रंगाचं, अगदी सामान्य पान. चित्र ॲन्सन मॅडॉक्सचं. टेक्ससवाला म्हणाला, "हे टाकून दे, असे ढिगाने मिळतात." मी मात्र ते पान धरूनच बसलो, कारण दिवस होते सप्टेंबरअखेरचे. सुरतेत प्लेग उसळल्याच्या बातम्या अमेरिकी टीव्हीवर रोज चालू होत्या, भारतातून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळांवर तपासणी होत होती आणि लॅबमधली भली माणसं "घरचे ठीक आहेत ना" असं विचारता विचारता खुर्ची किंचित मागे घेत होती.

पुण्यात वाढलेल्या माणसाला प्लेग हा नुसता इतिहासाचा धडा नसतो. १८९७ चा रँड, गणेशखिंडीतल्या चाफेकरांच्या गोळ्या, त्याच वर्षी रुग्णांची सेवा करता करता प्लेगनेच गेलेल्या सावित्रीबाई, हे सगळं शाळेत शिकलो. पण माझ्या लेखी प्लेग आजीचा होता. साथ त्यानंतरही वर्षानुवर्षं येत राहिली, त्यातल्या एका साथीत ती लहान मुलगी होती. ती 'गाठीचा ताप' म्हणायची. घरात उंदीर पडला की घर सोडायचं, गावाबाहेर माळावर झोपडी बांधून राहायचं. "माणसं नंतर मरायची, आधी उंदीर पडायचे," हे ती इतक्या सहज सांगायची की ऐकणाराच शहारायचा. तर सातासमुद्रापार, पाऊणशे रुपयांच्या पुडीतून माझ्या हाती लागला तो हा आजीचा उंदीर. तो टाकून कसा देणार?

ठरवलं, डेक बांधायचा तो याच्याभोवती.

आता हा उंदीर करतो काय? त्याची किंमत तीन मॅना. पॉवर (किती मार देतो) आणि टफनेस (किती मार सोसतो) किती, तर टेबलावर जितके प्लेग रॅट्स असतील तितके. एकटा असेल तर एकास एक. तीन मॅनात एवढंच देणारं पान म्हणजे उघड उघड घाट्याचा सौदा. पण दोन झाले की प्रत्येकजण दोनाचा, म्हणजे एका हल्ल्यात चार. तीन झाले की नऊ. चार झाले की सोळा. उंदीर एकेक करून येतात, पण त्यांचा मार वर्गाने वाढतो.

इथेच ती गोड अडचण होती. चार उंदरांचे सोळा, आणि समोरच्याचे प्राण वीस. नियमाने पाचवा उंदीर घेता येत नाही. मुळात खेळ आला तेव्हा चारची मर्यादा नव्हती, हवी तितकी पानं घालायची मुभा होती, आणि हे पान त्याच मोकळ्या जगातलं होतं. मर्यादा मागून आली आणि उंदीर सोळावर अडकले. हे चार प्राण आणायचे कुठून, या एका प्रश्नाने मला पूर्ण खेळ शिकवला.

पहिलं उत्तर निळ्या रंगात सापडलं. क्लोन नावाचं पान टेबलावरच्या कुठल्याही प्राण्याची हुबेहूब नक्कल करतं. उंदराची नक्कल केली की ते नावासकट उंदीरच होतं, म्हणजे मोजणीत धरलं जातं. यावर टेक्ससवाल्याने अर्धा तास वाद घातला, नियमांची पुस्तिका दोनदा वाचली आणि मग हात जोडले. चार क्लोन घातले की डेकमध्ये आठ उंदीर. पाच टेबलावर आले की पंचवीस, खेळ खलास. वेसुव्हन डॉपलगँगर हे क्लोनचं थोरलं भावंड. तेही नक्कल करतं, पण रंग स्वतःचाच ठेवतं. त्यामुळे माझ्या कळपात एक निळा उंदीर असायचा. टेरर हा मंत्र काळ्या प्राण्यांना मारू शकत नाही, म्हणून बाकीचे निर्धास्त आणि हा निळा तेवढा नेमका सापडायचा.

दुसरं उत्तर जास्त देखणं होतं. बॅड मून. हे पान असलं की सगळ्या काळ्या प्राण्यांना एकेक जादा. चार उंदीर, प्रत्येकी पाच, बरोब्बर वीस! हे गणित मी लॅबच्या वहीत मांडलं तेव्हा मला झालेला आनंद त्या सत्रातल्या कुठल्याही सिद्धतेने दिला नाही. पण बॅड मून दुर्मीळ पानांतलं. मिनेसोटावाल्याकडे ते होतं. त्याच्या मोबदल्यात त्याने माझा एक भलामोठा ड्रॅगन आणि वहिनींकडून पोह्यांची पाककृती घेतली.

बाकीची पानं या दोन उत्तरांच्या तैनातीला. डार्क रिच्युअल एका मॅनाचे तीन करतं, म्हणजे पहिल्याच खेपेला उंदीर हजर. मेलेल्याला परत हातात आणणारं रेझ डेड. पुरलेल्याला थेट उठवणारं ॲनिमेट डेड. जादा पानं ओढायला हाउलिंग माइन, पण तिचा फायदा समोरच्यालाही. पहिल्या सात पानांत चारपैकी निदान एक उंदीर येण्याची शक्यता ४० टक्के, आणि चारही येण्याची जवळजवळ १४ हजारांत एक. प्रोबॅबिलिटीचा कोर्स मी त्या सत्रात घेतला होता खरा, पण तो डोक्यात शिरला तो उंदरांमुळे.

दादाला हा उद्योग पटत नसे. तो कळवळून सांगायचा, "अरे, त्याच तीन मॅनात हिप्नॉटिक स्पेक्टर येतो. दोनास दोन, वर उडतो, आणि लागला की समोरच्याच्या हातातलं पान घालवतो. चार उंदीर काढ, चार स्पेक्टर घाल. तुझा हाच डेक दुप्पट जिंकेल." त्याचं शंभर टक्के खरं होतं. स्पेक्टर एकटा आला तरी डाव फिरवतो, त्याला कुणाची गरज नसते. आणि माझी मेख नेमकी तिथेच होती. ज्याला कुणाची गरज नाही त्याच्यासाठी मी काय करणार? स्पेक्टर घातला असता तर बाकीची छप्पन्न पानं कुठलीही चालली असती. उंदरामुळे एकेका पानाला डेकमध्ये असण्याचं कारण लागत होतं.

त्या पानांना आम्ही कव्हरं घालत नव्हतो. कडा पिसून पिसून पांढऱ्या पडायच्या. माझ्या एका उंदराच्या पाठीवर पोह्यांच्या हळदीचा डाग होता. तो गठ्ठ्यात वर आला की अख्ख्या टेबलाला कळायचं, आणि टेक्ससवाला गंभीर चेहऱ्याने "आला, पिवळा आला" अशी वर्दी द्यायचा.

मिनेसोटावाला बोलत नसे, पण बघत असे. एका शुक्रवारी त्याने स्वतःच्या डेकमधून चक्क प्लेग रॅट्स काढला. तो उंदीर दोन्ही बाजूंची मोजणी करतो हे पानावरच लिहिलंय. म्हणजे माझे जितके जास्त, तितका त्याचा तगडा. कष्ट माझे, चरबी त्याच्या उंदराला! पुढच्या आठवड्यात त्याने दोन घातले.

मेंडोटा तळं गोठलेलं होतं आणि बाहेर बर्फ पडत होता तेव्हाचा एक चौघांचा डाव माझ्या डोळ्यांसमोर आहे. टेबलावर माझे तीन उंदीर, त्याचे दोन. पाचही जण पाचास पाच. दोघांपैकी कुणालाच हल्ला करवत नव्हता. दादाने मग पेस्टिलेन्स उतरवलं. एकेक काळा मॅना ओतला की टेबलावरच्या प्रत्येक प्राण्याला आणि प्रत्येक खेळाडूला एकेक इजा. त्याने तीन मॅना ओतले. पाचही उंदीर जखमी, पण जिवंत. मी सुस्कारा सोडतो तोच टेक्ससवाल्याने एका उंदरावर लाइटनिंग बोल्ट टाकला, तीन इजांचा. तो मेला, बाकीचे चारास चार झाले. त्याने लगेच दुसरा बोल्ट दुसऱ्यावर टाकला. तोही मेला. आता उरलेले तीन उंदीर तीनास तीन, आणि अंगावर आधीच तीन-तीन इजा. कुणी हात न लावता तिघेही जागच्या जागी गेले.

माझ्या तोंडून निघालं, "उंदीर पडले."

दादा आणि वहिनी एकदम माझ्याकडे बघून हसायला लागले. सोलापूरकरांनाही त्यांच्या आज्यांनी तेच सांगितलं असणार. पेस्टिलेन्सचा आणखी एक नियम आहे. टेबलावर एकही प्राणी उरला नाही, तर खेपेच्या शेवटी ते पानही संपतं. मारायला कुणी राहिलं नाही की साथही मरते. वाला वालाच्या त्या गणितज्ञाला आमच्या आजीने सांगितलं असतं तरी इतकं नेमकं लिहिता आलं नसतं.

पुढे पदव्या मिळाल्या, टेबल उठलं. दादा-वहिनी कॅलिफोर्नियाला गेले, मी काही वर्षांनी पुण्यात परतलो. पानं बरोबर आणली. त्या पिढीतलं ब्लॅक लोटस नावाचं एक पान २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार डॉलरला गेलं, तेव्हा ती बातमी मला चार जणांनी पाठवली. "तुझ्याकडे आहे का रे?" माझ्याकडे उंदीर आहेत. ते आजही किरकोळ भावात मिळतात.

दरम्यान खेळाने माझी जुनी अडचण सोडवून टाकली. २००४ मध्ये रिलेंटलेस रॅट्स आला. डेकमध्ये हवे तितके घाला, असं त्या पानावरच छापलं होतं. २०१८ मध्ये रॅट कॉलनी आला, तोही तसाच, आणि अवघ्या दोन मॅनात. माझी मुलगी संगणकावर हाच खेळ खेळते. उंदीर तिने स्वतःहून निवडले, मी काही सुचवलं नव्हतं. तिच्या डेकमध्ये रॅट कॉलनी तिसाच्या वर आहेत. मी म्हटलं, "मग शोधाशोध ती काय राहिली? हात घालशील तिथे उंदीर."

"बाबा, तुम्ही उंदीर शोधण्यात जीव घालवला," ती म्हणाली. "मी ते मरू नयेत म्हणून घालवते."

तिच्या मित्रांनीही तिला हेच सांगून पाहिलंय, की उंदीर काढ, ही-ही पानं घाल, वरच्या श्रेणीत जाशील. ती जात नाही. या दिवाळीत ती घरी येते आहे. संगणकावरचा डेक तिने खऱ्या पानांत जमवलाय. माझे चार प्लेग रॅट्स त्यात घालायचं आमचं ठरलंय, हळदीवाल्यासकट. मी नियम तपासून पाहिले. रॅट कॉलनी आपल्या बाजूचा कुठलाही उंदीर मोजतो, प्लेग रॅट्स फक्त स्वतःच्या नावाचे मोजतो. म्हणजे माझे उंदीर आले की तिचे बळावणार आणि तिचे तीस आले तरी माझ्यांना कवडीचा लाभ नाही. बापलेकीत हिशेब असाच असायचा, त्याला तक्रार नाही. फक्त चारही क्लोन मी माझ्याच हातात ठेवणार आहे.